ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आपलं काम कसं बसवायचं: अर्ज, कागदं आणि हमखास अडतं ते

गटारीसाठी, रस्त्यासाठी, अंगणवाडीच्या छपरासाठी लोक ग्रामपंचायतीत अर्ज देतात, वर्ष जातं, मग चौकशी केली की उत्तर मिळतं "तुमचं काम आराखड्यात नाही". आराखडा म्हणजे पुढच्या वर्षी गावात कुठली कामं करायची आणि त्यावर किती खर्च करायचा याची ग्रामसभेने मान्य केलेली यादी. अर्ज तर घेतला होता, शिक्का मारून पोचही दिली होती, मग नाही कसं? हे इतक्या वस्त्यांमधे बघितलंय की एकदा सगळं सविस्तर लिहावं म्हटलं. हे महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपुरतं आहे, नगरपालिकेचं गणित वेगळं.

आधी पैसा कुठला ते. केंद्रीय वित्त आयोगाचं अनुदान येतं, महाराष्ट्रात त्यातलं ८० टक्के थेट ग्रामपंचायतीला आणि पंचायत समिती, जिल्हा परिषदेला १०-१० टक्के असं १५व्या आयोगाला ठरलेलं होतं. ग्रामपंचायतीच्या वाट्याचे तेव्हा दोन भाग होते, ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे निम्मं स्वच्छता आणि हागणदारीमुक्तीवर, निम्मं पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यावर. अबंधित मात्र गावाच्या गरजेप्रमाणे, राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतले २९ विषय आहेत त्यातल्या कशावरही, फक्त पगार आणि आस्थापना खर्च सोडून. १५व्या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती, १ एप्रिलपासून १६व्या आयोगाची पाच वर्षं, त्यामुळे पुढच्या आराखड्यासाठी टक्के किती ते नवीन शासन निर्णयात बघूनच बोला, पण खाली जी अडचणीची ठिकाणं सांगतोय ती टक्क्यांवर अवलंबून नाहीत.

अर्ज कोण करू शकतं? गावातला कुठलाही मतदार. बचत गट, शाळा व्यवस्थापन समिती, अंगणवाडी सेविका यांनीही करावा, उलट गटाच्या लेटरहेडवर दहा-पंधरा बायकांच्या सह्या असल्या की अर्ज बाजूला टाकणं जड जातं. काम सार्वजनिक पाहिजे. स्वतःच्या गोठ्याकडे जाणारा रस्ता, घरापुढचा ओटा हे यात बसत नाही. मंदिराचं बांधकामही त्या २९ विषयांत नाही, दरवर्षी सभामंडपाचे अर्ज येतात आणि दरवर्षी परत जातात, त्यात वेळ घालवू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध वस्तीतलं काम असेल तर समाजकल्याणची वस्ती विकासाची स्वतंत्र योजना आहे, तिथेही प्रस्ताव टाका, पण "तुमच्यासाठी वेगळी योजना आहे ना" म्हणून ग्रामपंचायतीने आराखड्यातून तुमची वस्ती वगळली तर ते अजिबात मान्य करू नका. वस्ती गावातच आहे.

आता तारखेचं. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. बहुतेकांना वाटतं पैसे आले की काम मागायचं. तसं नाही हो. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा आधीच्या वर्षाच्या हिवाळ्यात तयार होतो. २ ऑक्टोबरपासून मोहीम सुरू होते, शिवार फेरी, वॉर्ड सभा, महिला सभा, मग ग्रामसभेची मान्यता आणि मग आराखडा ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या पोर्टलवर चढतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उठून मागणी करणारे खूप असतात, तोवर बऱ्याच गावांत यादी ठरलेली असते. अर्ज जुलैअखेरपर्यंत द्या, म्हणजे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय तरी निघेल आणि २ ऑक्टोबरला यादीत येईल. उशीर झालाच तर पुरवणी आराखडा असतो, पण त्यालाही ग्रामसभेचा ठराव लागतो आणि तो करायचा उत्साह कुणाला नसतो.

ग्रामसभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते आणि त्यात विषयपत्रिका असते. तुमचं काम त्या विषयपत्रिकेत आलं पाहिजे, म्हणून अर्जात सरळ लिहा की हा विषय येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. "आयत्या वेळचे विषय" मधे मांडू असं कुणी गोड बोलून सांगितलं तर नको म्हणा. तिथे मांडलेलं बऱ्याचदा इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या लेखी नोंदीत, एका ओळीत "चर्चा झाली" म्हणून संपतं. आणि कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, बघा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातलं जे कमी असेल ते. तेवढे आले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही पण नवीन विषयही घेता येत नाही. म्हणजे पहिल्या विषयपत्रिकेवर नसलेलं काम तिथे येणारच नाही. वस्तीतली पन्नास माणसं त्या दिवशी सकाळी चावडीवर आणणं हे कुठल्याही कागदापेक्षा मोठं काम आहे, आणि ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते तिला बायकांना जरूर पाठवा, पाण्याची आणि शौचालयाची कामं तिथूनच जोर धरतात.

आता ज्या कागदापाशी निम्मे प्रस्ताव मरतात तो. जागेचा. काम ज्या जागेवर होणार ती ग्रामपंचायतीची आहे हे दाखवावं लागतं, आणि खरं सांगायचं तर गावातल्या पिढ्यान्‌पिढ्या वापरातल्या कितीतरी रस्त्यांची कुठे नोंदच नसते. ग्रामपंचायतीकडे नमुना २३ म्हणून ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही असते, इमारतींसारख्या बाकी स्थावर मालमत्तेची नमुना २२ ला आणि जमिनीची नमुना २४ ला. अर्ज द्यायच्या आधी जाऊन नमुना २३ मधे तुमचा रस्ता आहे का ते बघा. लोक घराचा नमुना ८ चा उतारा जोडतात, तो कर आकारणीचा, त्याने रस्ता कुणाचा ते सिद्ध होत नाही. नोंद नसेल तर काम मागण्याआधी नोंद घेण्याचाच अर्ज द्या. आणि रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक असेल तर तो जिल्हा परिषदेचा, मग त्यांच्या बांधकाम विभागाचा ना हरकत दाखला लागतो, हे सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

जागा खाजगी असेल तर सगळ्यात मोठा गैरसमज स्टॅम्पपेपरचा. मालक भला माणूस असतो, नोटरीसमोर संमतीपत्र करून देतो, सगळे खूश. पण जमीन दान द्यायची तर बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, नुसत्या संमतीपत्राने जमीन ग्रामपंचायतीची होत नाही. उद्या त्या माणसाच्या मुलांनी हरकत घेतली की गटार अर्ध्यात थांबते, अशा अर्धवट गटारीत पावसाचं पाणी तुंबून पोरांना डेंग्यू झालेला बघितलाय. गायरानाचं तर नावच काढू नका, निदान जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय.

अर्जाची भाषा. "आमच्या वस्तीत गटारीची सोय करावी ही विनंती" असे अर्ज येतात आणि ठरावातही तसंच उतरतं, "गावात गटार बांधणे". मग पैसे येतात, गटार होते, पण दुसऱ्याच आळीत. कागदावर काही चुकलेलंच नसतं त्यामुळे तक्रारही उभी राहत नाही. असं लिहा: "वॉर्ड क्र. ३ मधील जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापासून सार्वजनिक विहिरीपर्यंत बंदिस्त गटार, अंदाजे लांबी १२० मीटर". सुरुवात, शेवट, लांबी, वॉर्ड. आणि ठराव लिहिला जातोय तेव्हा हेच शब्द वाचून दाखवायला सांगा, इतिवृत्ताची प्रत लेखी मागा.

रस्ता आणि गटार एकाच अर्जात एकच काम म्हणून घालू नका. सांडपाण्याची गटार बंधितमधून होऊ शकते, रस्ता अबंधितमधून, दोन्ही एकत्र लिहिलं की कुठल्या खात्यातून खर्च टाकायचा यावर ते वर्षभर लोंबकळतं. दोन अर्ज, दोन ठराव.

बाकी जोडायचं साधं आहे. जागेचे दोन-तीन फोटो, हाताने काढलेला नकाशा चालतो, लाभ होणाऱ्या कुटुंबांची यादी सह्यांसह, आणि मागच्या दहा वर्षांत तिथे काय काम झालं ते माहीत असेल तर तेही, कारण झालेलं काम परत दाखवलं जातं तेव्हा तुमचीच यादी उपयोगी पडते. काही ठिकाणी घरपट्टीची पावती आणा मग अर्ज घेतो म्हणतात. घरपट्टी भरावी हे ठीकच, पण हे काम तुमचं वैयक्तिक नाही, तिच्यावाचून अर्ज अडवणं चुकीचं आहे. पोच घेतल्याशिवाय हलू नका, ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती घ्या.

मार्च-एप्रिलमधे ई-ग्रामस्वराजवर जाऊन बघा, लॉगिन लागत नाही, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा दिसतो. काम आहे का एवढंच नको, रक्कम बघा. तीन लाखांच्या गटारीपुढे पन्नास हजार टाकलेले असतात, नुसतं नाव लावायचं म्हणून. तेवढ्यात एस्टिमेट बसत नाही, अभियंत्याची तांत्रिक मान्यता मिळत नाही, आणि काम "आराखड्यात आहे" असं वर्षभर ऐकत बसावं लागतं. रक्कम कमी दिसली की लगेच लेखी द्या, पुढच्या ग्रामसभेत दुरुस्तीचा विषय घ्यायला सांगा.

त्यापुढचं एस्टिमेट, तांत्रिक मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तिका, जिओ टॅगचे फोटो हे ग्रामपंचायत आणि अभियंता बघतात.

कामच वगळलं असेल तर आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार, सोबत पोच आणि ठरावाची प्रत. ठरावाची प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, उत्तराला ३० दिवसांची मुदत. त्यात "माझ्या कामाचं काय झालं" असं विचारू नका, त्यावर "काम विचाराधीन आहे" एवढंच येतं. अमुक तारखेच्या ग्रामसभेचं इतिवृत्त, हजेरीपत्रक आणि अमुक वर्षाच्या मंजूर आराखड्याची प्रमाणित प्रत मागा.