जुन्या चेनसॉचा कार्बोरेटर : बिघाड आणि दुरुस्ती (नाशिक परिसर)

चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात मिसळून देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर. जुन्या करवतींत तो रबरी पडद्यांवर, म्हणजे डायफ्रामवर, चालतो. पडदे कडक होणे आणि केसासारख्या बारीक छिद्रांत सुकलेल्या पेट्रोलचा चिकटा बसणे हे त्याचे दोन मुख्य आजार. मात्र ‘कार्बोरेटर गेला’ म्हणून दुरुस्तीला आलेल्या कितीतरी करवतींचा कार्बोरेटर निर्दोष असतो. दोष नळीत, टाकीच्या हवेच्या वाटेत, फिल्टरमध्ये किंवा सायलेन्सरमध्ये निघतो. म्हणून कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडावा आणि सेटिंगचे स्क्रू त्याच्याही नंतर फिरवावेत. या कामात उलटा क्रम लावल्याने पिस्टन वाया जातात.

नाशिक जिल्ह्यात ही मशीन दोन वेगळ्या प्रकारे वापरली जातात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पश्चिमेच्या डोंगराळ, पावसाळी तालुक्यांत लाकूडकामासाठी ती नियमित चालतात. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बागायती पट्ट्यात मात्र म्हातारी द्राक्षबाग काढणे, बांधावरची बाभूळ किंवा निलगिरी तोडणे, वळवाच्या वाऱ्याने रस्त्यावर आडवे झालेले झाड हटवणे एवढ्यापुरतीच करवत बाहेर निघते. उरलेले महिने ती शेडमध्ये, टाकीत थोडे पेट्रोल तसेच ठेवून, पडून असते. रोज चालणाऱ्या मशीनपेक्षा अशा पडून राहिलेल्या मशीनचा कार्बोरेटर लवकर बिघडतो. दुरुस्ती बहुधा फवारणी पंपाच्या मेकॅनिककडेच होते, आणि ते योग्यही आहे. पाठीवरचा पॉवर स्प्रेअर, ब्रश कटर आणि चेनसॉ यांची इंजिने बहुधा छोटी टू-स्ट्रोक असतात. त्यांचे कार्बोरेटर वेगळे असले तरी इंधन, नळ्या, पडदे आणि हवेची गळती यांचे दुखणे सारखेच असते.

रचना

मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो. असा कार्बोरेटर उभा राहिला तरच काम करतो. सुरुवातीच्या जड, दोन माणसांनी धरायच्या करवतींना असेच कार्बोरेटर होते. करवत आडवी केली की अडचण यायची. १९५०च्या दशकात पडद्याचा कार्बोरेटर रुळला आणि मशीन कशीही धरून कापणे शक्य झाले. अमेरिकेतील टिलटसन व वॉलब्रो आणि जपानमध्ये सुरू झालेली झामा ही त्यातली नावे जुन्या मशीनच्या कार्बोरेटरवर कोरलेली आढळतात.

आतले काम असे चालते. पिस्टन वरखाली होताना क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कप्प्यात, आळीपाळीने ओढ आणि दाब तयार होतो. तो एका लहान छिद्रातून कार्बोरेटरच्या पंप पडद्यापर्यंत पोचतो आणि पडदा थरथरतो. त्याच पडद्यात कापलेल्या दोन जिभा झडपांचे काम करतात आणि टाकीतून पेट्रोल ओढले जाते. पुढे एक बारीक जाळी, मग सुई. सुईपलीकडे दुसरा, मोठा पडदा असतो, त्याला मीटरिंग डायफ्राम म्हणतात. त्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. इंजिनाने पेट्रोल ओढले की पडदा आत दबतो, लहान लिव्हर ढकलतो, सुई उचलली जाते आणि खर्च झाले तेवढेच पेट्रोल आत येते. बाहेरची हवा त्या पडद्यापर्यंत पोचते ती झाकणाच्या एका छिद्रातून. हे छिद्र भुशाने आणि तेलाने बुजले, तर सगळे नवे भाग टाकूनही मशीन उपाशी राहते. साफ करताना ते हमखास विसरले जाते.

बाहेरून दिसतात ते तीन स्क्रू. ‘एल’ हा स्लो रेसच्या, म्हणजे मशीन नुसते चालू असतानाच्या, मिश्रणाचा आणि ‘एच’ फुल रेसच्या मिश्रणाचा. हे दोन्ही उजवीकडे फिरवले की पेट्रोल कमी होते. तिसरा, ‘एलए’ किंवा ‘टी’ खुणेचा, फक्त थ्रॉटल, म्हणजे रेस देणारी झडप, किती उघडा राहावा हे ठरवतो. मिश्रणाशी त्याचा संबंध नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रदूषणाच्या नियमांमुळे ‘एच’ आणि ‘एल’वर मर्यादा घालणाऱ्या टोप्या आल्या. त्याआधीच्या मशीनला त्या नसतात. म्हणून ती जुनी मशीन नीट बसवता येतात, आणि तितक्याच सहज बिघडवताही येतात.

निदान

आधी टाकी रिकामी करून ताजे मिक्स (टू-टी ऑइल मिसळलेले) पेट्रोल भरावे. महिन्याहून जुन्या पेट्रोलवर केलेले कोणतेही निदान खरे धरू नये. मग दहाएक वेळा दोरी ओढून प्लग काढून पाहावा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे. मग स्पार्क तपासावा, किंवा मशीन ओव्हर झाले आहे, म्हणजे आत पेट्रोल जास्त झाले आहे, असे समजावे. प्लग कोरडा असेल तर प्लगच्या भोकातून मिक्स पेट्रोलचे चार थेंब सोडून, प्लग लावून दोरी ओढावी. मशीन क्षणभर धडधडून बंद पडले, तर स्पार्क आणि कॉम्प्रेशन कामापुरते आहे. दोष पेट्रोलच्या वाटेत आहे.

ही वाट टाकीपासून तपासावी. टाकीतला फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर ओढून बदलावा. तो स्वस्त असतो, धुऊन परत घालण्यात अर्थ नाही. नळी टाकीच्या भोकातून जिथे बाहेर येते, तिथे ती चिरते. सरळ असताना चीर दिसत नाही, बोटाने वाकवली की उघडते. अशी नळी पेट्रोलऐवजी हवा ओढते. टाकीत हवा घेणारी झडप बुजली असेल, तर मशीन दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालते, मग दम टाकते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. बंद पडताच टाकीचे झाकण सैल करावे. ‘फुस्स’ आवाज होऊन हवा आत गेली आणि मशीन लगेच सुरू झाले, तर कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही. उन्हाळ्यात कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यातली धूळ एअर फिल्टर लवकर भरून टाकते. भरलेला फिल्टर चोक अर्धवट लावून ठेवल्यासारखेच काम करतो. सायलेन्सरची जाळी काजळीने बुजली तरी मशीन रेस घेत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची तपासणी. सायलेन्सर उघडून धुराच्या भोकातून पिस्टन पाहावा. त्या बाजूवर उभे ओरखडे असतील, तर इंजिन कधीतरी कमी पेट्रोलवर किंवा कमी ऑइलवर तापून घासले आहे. अशा मशीनला कार्बोरेटरचे किट (पडदे, पॅकिंग आणि सुईचा संच) टाकणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे. आधी ओरखड्यांचे कारण शोधावे. अनेकदा ते हवेच्या गळतीत सापडते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांमधला रबरी तुकडा तडकलेला असतो, किंवा क्रँकची ऑइल सील वाळून कडक झालेली असते. या गळतीची खूण कानाला कळते. स्लो रेस एका जागी टिकत नाही, मशीन तिरके केले की चढते, एक्सिलेटर सोडला तरी रेस उशिरा उतरते. अशा वेळी ‘एल’ आणि ‘एच’ डावीकडे सैल करून जास्त पेट्रोल दिले, की मशीन काही दिवस बरे वाटते, पण दोष झाकला जातो. पुढे गळती वाढते आणि पिस्टन जाम होतो. खात्री करायची तर सिलिंडरची दोन्ही तोंडे रबराने बंद करून क्रँककेसमध्ये सुमारे ०.५ बार दाब आणि नंतर तितकीच ओढ द्यावी. काटा टिकला पाहिजे. गळती शोधायला तापलेल्या इंजिनावर क्लीनर स्प्रे मारायची सवय आगीला आमंत्रण देते, ती सोडावी.

खुद्द कार्बोरेटरचे दोष यानंतर उरतात, आणि त्यांची लक्षणे बऱ्यापैकी स्पष्ट असतात. फक्त चोकवर चालणारे मशीन म्हणजे छिद्र किंवा जाळी बुजलेली, किंवा मीटरिंग पडदा कडक झालेला. रेस देताच बसते, तर स्लोच्या वाटेत पेट्रोल कमी. लाकडात घातल्यावर दम टाकते आणि मोकळे असताना किंचाळते, तर फुल रेसचे पेट्रोल कमी, आणि अशा अवस्थेत पुढचे एकही खोड कापू नये. शेडमध्ये ठेवलेले मशीन स्वतःहून ओव्हर होते, पेट्रोल झिरपते, तर सुई बसत नाही.

उघडणे आणि साफ करणे

कार्बोरेटर बाहेरून आधी स्वच्छ धुवावा, मगच झाकणे उघडावीत. प्रत्येक थर काढताना मोबाइलवर फोटो घ्यावा. मीटरिंगच्या बाजूला बहुधा पॅकिंग आधी आणि पडदा वर असतो, तर पंपाच्या बाजूला बहुधा पडदा आधी आणि पॅकिंग झाकणाकडे. पण मॉडेलगणिक फरक पडतो आणि क्रम उलटला तर मशीन चालत नाही. चांगला पडदा हातात मऊ, लुळा लागतो. हलवल्यावर कागदासारखा वाजला, तर बदलावा. सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर तीही बदलावी. या सगळ्यांचे किट एकत्र मिळते आणि जुन्या मशीनमध्ये एकच पडदा बदलून भागत नाही.

‘एच’ आणि ‘एल’ पूर्ण काढण्यापूर्वी ते किती फेरे उघडे होते हे हळुवार आत बसवून मोजून लिहून ठेवावे. जोराने आवळले तर टोकदार स्क्रूने भोक रुंदावते आणि मग ते सेटिंग कधीच नीट लागत नाही. छिद्रांत पोलादी तार किंवा टाचणी कधीही घालू नये. क्लीनरचा स्प्रे मारावा, भिजू द्यावे, डोळ्यांवर चष्मा लावून हवा मारावी. काही कार्बोरेटरांच्या मुख्य नॉझलमध्ये लहान झडप असते, ती जोरदार हवेने फाटते, म्हणून कॉम्प्रेसरचा दाब कमी ठेवावा. स्लोची बारीक छिद्रे अॅल्युमिनियमच्या गोल टोपणाखाली दडलेली असतात. किट टाकूनही स्लो रेस लागत नसेल, तर ते टोपण टोच्याने काढून आत साफ करून नवे बसवावे लागते. हे काम सवयीच्या हातानेच करावे.

लिव्हरच्या उंचीत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक चालत नाही. उंच असेल तर मशीन ओव्हर होते, खाली असेल तर उपाशी राहते. काही मॉडेलांत लिव्हर खोबणीच्या तळाशी समपातळीत लागतो, काहींत कडेपेक्षा खाली. कंपनीची गेज असेल तर तीच वापरावी. जोडणीआधी पेट्रोलच्या तोंडाला गेजवाला हातपंप लावून सुमारे ०.७ ते ०.८ बार दाब द्यावा. काटा उतरू लागला तर कार्बोरेटर पेट्रोलमध्ये बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहावे. पाच मिनिटांची ही परीक्षा पुन्हा सगळे उघडण्याचा त्रास वाचवते.

सेटिंग

बार (साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि साखळी बसवलेली हवी, एअर फिल्टर स्वच्छ हवा, मशीन गरम हवे. सुरुवात दोन्ही स्क्रू हलके बसवून साधारण एक फेरा मागे घेऊन करावी. ‘एल’ फिरवून रेस सर्वांत वर कुठे जाते ते शोधावे आणि तिथून थोडा सैल सोडावा. रेस मारून पाहावी, अडखळत असेल तर आणखी किंचित सोडावा. मग ‘एलए’ने रेस इतकी उतरवावी की साखळी पूर्ण थांबेल. बहुतेक मशीनची स्लो रेस मिनिटाला २,५०० ते ३,००० फेऱ्यांच्या आसपास असते. शेवटी ‘एच’. मोकळ्या फुल रेसला आवाज थोडा फुटका, गुरगुरता हवा, आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ झाला पाहिजे. मोकळे असतानाच आवाज एकसुरी, कर्कश येत असेल तर पेट्रोल कमी आहे. कान तयार होईपर्यंत टॅकोमीटर (फेऱ्या मोजणारा मीटर) वापरावा आणि कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडू नये.

नाशिकची हवा आणि आजचे पेट्रोल

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. विरळ हवेत कार्बोरेटर किंचित जास्त पेट्रोल देतो, त्यामुळे मुंबईहून सेट करून आणलेले मशीन इथे थोडे धुरकट चालते. पण खरा फरक ऋतूंचा आहे. निफाडच्या गारठ्यात ५ अंशांच्या सकाळी हवा मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारपेक्षा सुमारे १२ टक्के दाट असते. उन्हाळ्यात सेट केलेले मशीन अशा सकाळी कमी पेट्रोलवर जाते, म्हणून हिवाळ्यात ‘एच’ पुन्हा तपासावा.

त्यात २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची भर पडली आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. म्हणजे जुन्या सेटिंगवर मिश्रण तेवढे पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होते आणि इंजिन जास्त तापते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते. इगतपुरीच्या पावसात अर्धी भरलेली टाकी पडून राहिली, तर पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसते, आणि फिल्टर नेमका तळाशीच असतो. जुन्या करवतींच्या पडद्यांचे आणि नळ्यांचे रबरही या इंधनासाठी बनवलेले नव्हते. म्हणून किट घेताना इथेनॉल चालणारे आहे का, हे विचारून घ्यावे. काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. मिक्सचे प्रमाण मात्र इंधनामुळे बदलू नये. ५०:१ सांगितले असेल तर लिटरला २० मिलि टू-टी ऑइल, २५:१ असेल तर ४० मिलि. जास्त ऑइल घालून पातळ मिश्रणावर उपाय होत नाही, उलट ऑइलने पेट्रोलची जागा घेतल्याने मिश्रण आणखी पातळ होते.

नवा कार्बोरेटर

बाजारात मिळणाऱ्या ५२ आणि ५८ सीसीच्या स्वस्त चिनी करवतींचा अख्खा कार्बोरेटर बदलणे अनेकदा दुरुस्तीहून स्वस्त पडते आणि तिथे तसेच करावे. स्टिल किंवा हुस्कवर्ना कंपनीच्या जुन्या करवतीला मात्र नकली कार्बोरेटर लावण्याआधी मूळचा वाचवायचा पूर्ण प्रयत्न करावा. त्याची धातूची बॉडी क्वचितच खराब होते, आणि नकलीतली छिद्रे मूळ मापाची असतीलच असे नाही. बदलायचाच झाला, तर मशीनच्या मॉडेलवरून नव्हे, कार्बोरेटरच्या बॉडीवर कोरलेल्या अक्षर-अंकांवरून मागवावा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे कार्बोरेटर बसलेले असतात.