काहील का तरंगते?

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. आपल्याकडं पुराचं पाणी गावात शिरलं आणि होडी मिळाली नाही, की माणसं गुऱ्हाळाकडं धावतात आणि चुलवाणावरची काहील काढून आणतात. उसाचा रस आटवायची ही लोखंडी कढई उचलायला सहा-सात गडी लागतात. पाण्यात सोडली की मात्र एकटा पोहणारा तिला ढकलत नेतो. लहानपणी हे बघून मला नवल वाटायचं, आणि त्यामागचं गणित कळल्यावर ते नवल वाढलंच.

लोखंड पाण्याच्या जवळपास आठपट जड. २०० किलो लोखंडाचा भरीव गोळा केला तर तो जेमतेम २५ लिटर पाणी बाजूला सारेल. बाजूला सारलेल्या पाण्याचं जेवढं वजन, तेवढंच पाणी वस्तूला वर रेटतं, हे आर्किमिडीजनं सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सांगितलं. म्हणजे रेटा २५ किलोचा आणि वजन २०० किलोचं. गोळा तळ गाठणारच. तेच लोखंड ठोकून पसरट काहील केली, की लोखंडाबरोबर आतली पोकळीही पाणी सारायला लागते.

हिशोबासाठी काहिलीचा तळ सपाट, कड उभी, व्यास अडीच मीटर आणि खोली ४५ सेंटिमीटर धरू. ती एक सेंटिमीटर बुडाली की सुमारे ४९ लिटर पाणी हटतं. स्वतःच्या २०० किलोंसाठी तिला चार सेंटिमीटरच बुडावं लागतं. साठ किलोचा माणूस आत बसला की आणखी सव्वा सेंटिमीटर. या हिशोबानं काठोकाठ बुडेपर्यंत तीसएक माणसं मावतात.

पण हा हिशोब जिवावर बेतू शकतो. तो फक्त तरंगण्याचा आहे, सरळ राहण्याचा नाही. काहील एका बाजूला कलली की त्या बाजूचा तळ जास्त बुडतो, तिथं जास्त पाणी हटतं, रेटाही तिथं वाढतो आणि कललेली कड परत वर येते. तळ रुंद असेल तेवढी ही सावरण्याची ताकद मोठी. मात्र आतली माणसं उभी राहिली की सगळं वजन वर चढतं आणि जरा कलताच ते कललेल्या बाजूला झुकू लागतं. काठ जवळ आला म्हणून सगळे एकाच बाजूला सरकले, तर ती कड पाण्याखाली जाते. एकदा पाणी आत आलं की ते स्वस्थ बसत नाही, जिकडं कल तिकडं धावतं. तळाशी पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते सुमारे २४५ किलो होतं. चार माणसं एकदम खालच्या बाजूला पळावीत तसंच ते. म्हणून काहिलीत बसायचं ते तळाला टेकून, मधोमध, आणि एकानं सतत पाणी उपसत राहायचं. २०१९च्या त्याच महापुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि घरदार सोडून निघालेली माणसं दगावली. ते आठवलं की हे आकडे मला कोरडे वाटत नाहीत.

काहील गोल असल्यामुळं आणखी एक अडचण येते. तिला नाक नाही, शेपूट नाही. एका बाजूनं वल्हं मारलं की ती पुढं जायच्या ऐवजी गरगर फिरते. म्हणून चांगले पोहणारे कड धरून तिला नेतात. तेही संथ, साचलेल्या पाण्यात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो, आणि तिथं माणसाचं बळ पुरत नाही.

मोटारीचंही तसंच आहे. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद, हजार किलोची गाडी घ्या. पाणी तिच्या तळाच्या वर १७ सेंटिमीटर चढेपर्यंत आत शिरलं नाही, तर ती जवळजवळ तरंगायला लागते. चाकांची पकड तर त्याआधीच सुटते. पुलावर पाणी असताना ‘जड गाडी आहे, जाईल’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि माणूस? छातीत श्वास भरलेला असताना आपण पाण्यापेक्षा किंचित हलके असतो. साठ किलोच्या माणसाचा दीडएक लिटरएवढाच भाग बाहेर राहतो. नाक-तोंड बाहेर ठेवायला तेवढा पुरतो. पण एक हात साधारण तीन किलोंचा. घाबरून दोन्ही हात वर केले, की पाण्यानं आधीच पेललेलं सहा किलो वजन आपण पुन्हा डोक्यावर घेतो, आणि डोकं खाली जातं. विहिरीत कमरेला पांगिऱ्याचा बिंडा बांधून पोहायला शिकवताना आमचे आजोबा काठावरून एकच ओरडायचे, “हात पाण्यात ठेव!” पांगिऱ्याचं लाकूड हलकं म्हणून ते निवडायचे. आज तो बिंडा मिळाला नाही, तर पाच लिटरचा रिकामा कॅन बूच घट्ट लावून छातीशी धरावा. त्याचा आधार जवळपास पाच किलोंचा असतो, म्हणजे साधारण डोक्याच्या वजनाएवढा.