हृदयाजवळची ‘पाण्याची गाठ’ : पार्श्वभूमी

लेकराच्या छातीच्या एक्स-रेत हृदयाच्या उजव्या कडेला गोल सावली दिसली, की रिपोर्टात ‘सिस्ट’ एवढंच लिहून येतं. घरी पोचेस्तोवर तिची ‘गाठ’ होते आणि गाठ म्हटलं की कॅन्सर. कोशातला ‘पुटी’ हा शब्द थोरल्या दवाखान्याच्या ओपीडीत कुणी वापरत नाही. ‘पाण्याची पिशवी’ म्हटलं की निदान आईच्या जिवात जीव येतो, मात्र आजीला बाळंतपणातली पिशवी आठवते.

पण खरा घोळ पुढे आहे. या एका शब्दात तीन वेगळे आजार बसतात. हृदयाच्या आवरणाची जन्मजात सिस्ट लाखात एखाद्याला असते, पातळ भिंतीची, आत झऱ्यासारखं नितळ पाणी. ती बहुधा तिशी-चाळिशीत, दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडते. दुसरी, गर्भात श्वासनलिका तयार होताना सुटून राहिलेल्या कोंबाची. ही मुलांत अधिक त्रास देते. मऊ श्वासनलिका दाबते आणि महिनोन्‌महिने ‘दमा’ म्हणून पंप सुरू राहतो. तिसरी हायडॅटिड. मेंढ्या आणि त्यांची आतडी खाणारी कुत्री यांच्यात फिरणाऱ्या परजीवीची. बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात, हृदयात क्वचितच.

हृदयावरणाची सिस्ट शस्त्रक्रियेने पहिल्यांदा 1931 साली न्यूयॉर्कमध्ये काढली गेली. पुढची कित्येक दशकं छाती उघडल्याशिवाय सावली कशाची हे नक्की कळत नसे, म्हणून जी दिसेल ती काढली जाई. सत्तरच्या दशकात सीटी स्कॅन आला आणि ‘काढायची की नुसतं लक्ष ठेवायचं’ हा वाद खऱ्या अर्थाने सुरू झाला.

तो अजून मिटलेला नाही. त्रास नसलेली आवरणाची सिस्ट इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, पाहत राहावी, याला आता बऱ्यापैकी मान्यता आहे. श्वासनलिकेची मात्र मुलांत थांबू नये, असंच बहुतेक सर्जन म्हणतात, कारण जंतुसंसर्ग झाला की ती भोवताली चिकटते आणि साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. ‘सुईने पाणी काढून टाका की’ हा पालकांचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण भिंत आत राहते आणि पाणी पुन्हा भरू शकतं. त्यात ती हायडॅटिड निघाली आणि पाणी सांडलं, तर ॲलर्जीच्या धक्क्याने जिवावर बेतू शकतं. म्हणून मेंढरांच्या कळपाजवळ राहणाऱ्या घराला घरी कुत्रं आहे का, हे आधी विचारावं. हा प्रश्न राहून जातो.

नव्वदच्या दशकात दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. बरगड्यांमधून दोन-तीन भोकं, बस्स. तिची जाहिरात फार होते. पण त्यासाठी एक फुप्फुस मिटवून ठेवावं लागतं, आणि दोन्ही फुप्फुसांना वेगवेगळी हवा देणारी दुहेरी नळी सात-आठ वर्षांखालच्या मुलाच्या श्वासनलिकेत मावत नाही. भूलतज्ज्ञाला दुसरे मार्ग शोधावे लागतात, नाहीतर बरगड्यांमधून छाती उघडावी लागते. हृदय-फुप्फुसाचं काम तात्पुरतं करणारं हार्ट-लंग मशीन बहुतेक वेळा लागत नाही. जपायचा असतो तो हृदयावरणावरून खाली श्वासपटलाकडे (छाती-पोटामधल्या स्नायूच्या पडद्याकडे) जाणारा मज्जातंतू. सिस्टची भिंत हृदयाला घट्ट चिकटली असेल, तर तेवढा तुकडा तिथेच ठेवून आतलं अस्तर जाळतात.

काढलेली पिशवी फॉर्मलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीला जाते. अस्तरावर केसाळ पेशी दिसल्या तर श्वासनलिकेची, चपट्या पेशींचा एकच थर असेल तर आवरणाची. तोवर कागदावर ‘सिस्ट’च राहते.