केर्मिसची चित्रं, म्हणजे कुणाची जत्रा आणि बघतंय कोण

सोळाव्या शतकातल्या फ्लेमिश (आजच्या बेल्जियमकडच्या) चित्रकार ब्रूगेलचं ते शेतकऱ्यांच्या नाचाचं चित्र बऱ्याच जणांनी कुठेतरी पाहिलेलं असतं, डावीकडे गाल फुगवून बॅगपाइप वाजवणारा, उजवीकडून बाईला ओढत धावत येणारा गडी, आणि मागे चर्च, ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाहीये. ते साधारण १५६८ चं, आता व्हिएन्नात आहे. पण हा सगळा दंगा चर्चच्याच नावाने चाललेला असतो. केर्मिस हा डच शब्दच मुळात केर्क म्हणजे चर्च आणि मिस म्हणजे तिथली प्रार्थना यातून आलाय, गावच्या चर्चचा किंवा तिथल्या संताचा वार्षिक दिवस. गोव्यातलं फेस्त ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. सकाळी मिरवणूक, मग बिअर, नाच, दुकानं आणि संध्याकाळी मारामाऱ्या.

तर हे वरच्यांना खुपायला लागलं. पोपविरुद्ध उभ्या राहिलेल्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने १५२० मध्येच असे दिवस बंद करा म्हणून लिहिलं होतं आणि तिकडे ब्रूगेलच्या मुलखावर राज्य करणाऱ्या कॅथलिक बादशहा पाचव्या चार्ल्सने १५३१ मध्ये फर्मान काढलं की सगळ्या गावांनी केर्मिस एकाच दिवशी करायची, म्हणजे आज या गावात उद्या त्या गावात हिंडायला नको, शिवाय लग्नाला २० च पाहुणे. (आपल्याकडे हे लॉकडाऊनमध्ये जेवढं पाळलं गेलं तेवढंच तिथे पाळलं गेलं असावं.)

१५५९ च्या आसपास ब्रूगेलने सेंट जॉर्जच्या केर्मिसचं चित्र काढलं, त्याची छापील प्रत अँटवर्पचा प्रकाशक हिरोनिमुस कॉकने काढली, आणि त्यात खानावळीबाहेरच्या झेंड्यावर चक्क लिहिलंय, शेतकऱ्यांना त्यांची केर्मिस करू द्या. आता हे वाचून वाटतं हा गडी शेतकऱ्यांच्या बाजूचा, पण त्याच सुमाराच्या होबोकेन गावच्या केर्मिसच्या प्रिंटखाली मजकूर काय तर हे लोक जनावरासारखे पितात, उपाशी मरतील थंडीने मरतील पण केर्मिस सोडणार नाहीत! हे प्रिंट घ्यायचे शहरातले लोक. मग ते हसायचे की हेवा करायचे यावर १९७० च्या दशकात स्वेतलाना आल्पर्स आणि हेसेल मीडेमा या दोन अभ्यासकांची चांगलीच जुंपली होती, आल्पर्सबाई म्हणतात मजेचं चित्र, मीडेमा म्हणतात नाही, हे असं वागू नका म्हणून दाखवलंय. मला विचाराल तर दोन्ही, लोक नाकं मुरडत मजा बघतातच की.

ब्रूगेलबद्दल चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या फान मांडरने १६०४ मध्ये लिहून ठेवलंय की तो फ्रँकर्ट नावाच्या व्यापारी मित्राबरोबर शेतकऱ्याचा वेष करून गावच्या लग्नांत घुसायचा, आहेर घेऊन, आपण नवरीकडचे किंवा नवऱ्याकडचे आहोत असं सांगत. खरं खोटं माहीत नाही, पण फान मांडर गोष्टी रंगवणारा माणूस होता हे नक्की.

पुढच्या शतकात फ्लेमिश चित्रकार रुबेन्सने केर्मिस रंगवली ती नुसती माणसांची लाट आहे, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बघायला मिळते, आणि त्याच काळातल्या टेनिर्सच्या काही चित्रांत तर शहरातले नटलेले साहेब-मडम स्वतःच जत्रेत येऊन कडेला उभे आहेत, अंगाला धूळ लागू न देता.