केशपोषक पूरक आहार (ग्रामीण विदर्भ)

केसांची वाढ टिकावी, गळती थांबावी आणि अंगात ताकद यावी म्हणून रोजच्या जेवणाच्या जोडीला घेतली जाणारी द्रव्ये. यांत तीन प्रकार येतात : जवस, अळीव, तीळ, कारळे, आवळा, डिंक असे घरचे पदार्थ, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या, आणि मेडिकलमधून विकत आणलेल्या बायोटिन, जस्त, सेलेनियम यांच्या गोळ्या. बोलण्यात हे भेद फारसे पाळले जात नाहीत. ‘ताकदीची गोळी’ या एका शब्दात पुष्कळ काही सामावते. डोक्याला लावायची तेले व लेप यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

प्राचीन विचार : केस हा अन्नाचाच परिणाम आहे, ही समजूत आयुर्वेदात जुनी आहे, तपशिलात मात्र संहितेतच दोन सूर दिसतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय २८) अन्नाच्या किट्टापासून, म्हणजे मलभागापासून, केस, दाढी-मिशा, लव व नखे पोसली जातात असे म्हटले आहे. चिकित्सास्थानाच्या ग्रहणी अध्यायात (१५) केस व लव हे अस्थिधातूचे किट्ट ठरते. चिकित्सास्थानातील कोणते अध्याय मूळचे आणि कोणते दृढबलाने पूर्ण केलेले, यावर टीकाकारांत एकमत नाही. चक्रपाणिदत्त या टीकाकाराची यादी ग्राह्य धरली तर ग्रहणी अध्याय दृढबलाच्या वाट्याला जातो. दृढबलाचा काळ साधारणतः इ. स. चौथे-पाचवे शतक मानतात. तेव्हा अन्नापासून थेट केस ही कल्पना आधीची आणि हाडांमार्फत केस ही मांडणी पुढची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हाडांसाठी म्हणून दिला जाणारा डिंक-खारकेचा लाडू केसांनाही चांगला, या घरोघरच्या समजुतीचा धागा या दुसऱ्या मांडणीशी जुळतो. केसांच्या विकारांना इंद्रलुप्त (चाई), खालित्य (टक्कल) व पालित्य (केस पिकणे) अशी नावे आहेत.

शरीरक्रिया : डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढीचा टप्पा दोन ते सहा वर्षे चालतो, मग सुमारे तीन महिन्यांची विश्रांती घेऊन तो गळतो. रोज पन्नास ते शंभर केस जाणे स्वाभाविक होय. बाळंतपण, मोठा ताप किंवा उपासमार यानंतर दोन-तीन महिन्यांनी फणीत पुंजके येतात, ते याच विश्रांतीच्या टप्प्यामुळे. बाई म्हणते की आता तर मी बरी आहे, मग केस आत्ताच का गळून राहिले? त्याचे उत्तर तीन महिने मागे असते. उलट, वाढत्या अवस्थेतला केस मुळातच तुटला तर गळती काही दिवसांत होते. हा फरक पुढे शेगावच्या प्रकरणात महत्त्वाचा ठरतो.

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असल्यामुळे प्रथिनांची तूट त्यावर लवकर दिसते. तीव्र कुपोषणात मुलाचे केस विरळ, तांबूस होतात व हलक्या ओढीने हातात येतात. कुपोषण आणि बरे दिवस आलटून पालटून आले तर एकाच केसावर फिकट व काळे पट्टे उमटतात. मेळघाटासारख्या भागात, धारणी-चिखलदऱ्याकडे, मुलाचा दंड मोजण्यासाठी घेतलेल्या टेपइतकेच त्याचे केसही बोलतात. अशा मुलाला केसांचे औषध नको असते; त्याला डाळ, अंडे, दूध आणि तेल हवे असते.

घरचे पदार्थ : पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर या जिल्ह्यांत धानाच्या उभ्या पिकात शेवटच्या ओलीवर जवस फेकून ‘उतेरा’ पीक घेण्याची पद्धत आहे. नागपूरच्या संशोधन केंद्राने काढलेले ‘एनएल’ मालिकेतील वाण (उदा., एनएल-९७) याच पट्ट्यातले. बियांत सुमारे ४० टक्के तेल व २० टक्के प्रथिने असतात आणि तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ आम्लाचा असतो. कढईत मंद आचेवर जवस टाकला की प्रथम काही होत नाही. मग दाणे तडतडून कढईबाहेर उडू लागतात, तेव्हा खाली उतरवायचा. लाल मिरची, लसूण व मीठ घालून उखळात कुटला की चटणीला आपल्या तेलाचा ओलसरपणा येतो. ही भाजणी केवळ चवीसाठी नाही. कच्च्या जवसात सायनाइड मुक्त करणारी संयुगे असतात, ती भाजल्याने कमी होतात. शिवाय अख्खा दाणा न पचता बाहेर पडतो. कुटल्याशिवाय तो पोटाला लागत नाही. हल्ली पाकिटातून कच्चा जवस चमचाभर गिळण्याचा सल्ला फिरतो, त्याहून उखळातली ही रीत शहाणी आहे. मात्र जवसाने केस वाढतात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. तो उत्तम अन्न आहे, एवढे निःशंक म्हणता येते.

अळीव (संस्कृत चंद्रशूर) मेथी, ओवा व काळ्या जिऱ्यासह भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात ‘चतुर्बीज’ म्हणून येतो. बाळंतिणीच्या लाडवांत तो विदर्भातही असतो. त्याच्या लोहाविषयी आकड्यांचा मोठा घोळ आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह दिले होते, आणि केस व रक्तवाढीसंबंधीच्या मराठी लेखनात आजही हाच आकडा उतरवला जातो. याच संस्थेच्या २०१७ मधील तक्त्यांत तो सुमारे १७ मिलिग्रॅम आहे. जुन्या मोजणीत बियांना चिकटलेली माती व वेगळी पृथक्करण पद्धत यांचा वाटा असावा. नवा आकडा अधिक विश्वसनीय मानावा. १७ मिलिग्रॅम हेही थोडे नव्हे. पण लाडवात अळीव दोन चमचे, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम पडतो आणि वनस्पतिजन्य लोहाचा थोडाच अंश शोषला जातो. लिंबू, आवळा यांमुळे शोषण वाढते, तर जेवणाबरोबरच्या कडक चहामुळे घटते. त्यामुळे अळिवाच्या लाडवावर रक्तक्षयाचा भार टाकणे योग्य नाही.

लोह : विदर्भातील बायकांच्या केसगळतीत सर्वांत आधी तपासण्याजोगी गोष्ट रक्त ही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. शाळकरी मुलींना आठवड्याला एक निळी गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) आणि गरोदर स्त्रीला किमान १८० दिवस रोज एक लाल गोळी अशी योजना आहे. गोळीने मळमळते, शौचास काळी होते, म्हणून ती डब्यातच राहते आणि पुढे केसांसाठी म्हणून अनेक पटींनी महाग डबी विकत येते. हे दृश्य या नोंदीच्या लेखकाला फार अस्वस्थ करते, कारण उणीव लोहाचीच असेल तर फुकटच्या गोळीत जे आहे ते महाग डबीत अनेकदा कमी असते.

पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया व नागपूरकडे, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे याला एक अपवाद जोडावा लागतो. या आजारातला रक्तक्षय पुष्कळदा लोहाच्या तुटीचा नसतो. तेथे फॉलिक आम्ल हवे असते व लोह तपासणीनंतरच द्यावयाचे असते. रेशनच्या पोषणवर्धित तांदळाचा प्रयोग राज्यात प्रथम गडचिरोलीत झाला. शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ घालून तयार केलेला असतो. तो किंचित पिवळसर असतो आणि धुताना वर तरंगतो, म्हणून ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून सुपातून निवडून टाकला जातो. अशा रीतीने नेमका पोषक दाणाच उकिरड्यावर जातो.

बायोटिन : मेडिकलमधील केसांच्या गोळ्यांतले मुख्य नाव. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागावर ठेवलेल्या उंदरांची कातडी व केस बिघडतात, असे १९२७ मध्ये दिसून आले. त्यावर उतारा ठरणाऱ्या घटकाला पुढे ‘एच जीवनसत्त्व’ म्हटले गेले. हा ‘एच’ जर्मन भाषेतील केस व त्वचा या दोन्ही शब्दांचे आद्याक्षर आहे. १९३६ मध्ये तो अंड्याच्या बलकातून वेगळा काढण्यात आला. नावातच केस असल्याने त्याची कीर्ती वाढली असावी. प्रौढाची रोजची गरज ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. गोळीत मात्र ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतात. शेंगदाणे, अंडी, डाळी खाणाऱ्याला याची तूट क्वचितच होते आणि तूट नसताना केस वाढतात असे सिद्ध झालेले नाही. मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्या चुकीच्या येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला. रक्त तपासायला जाताना ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

सेलेनियम व शेगाव तालुक्यातील केसगळती : डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा इ. गावांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस रखरखीत, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बट धरून ओढली की न दुखता मुठीत येई. लहान मुले, कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसे कोणीच सुटले नाही. चारचौघांत जाणे नको म्हणून अनेकांनी सरळ मुंडण करून घेतले. पुढे काहींची नखेही गळाली.

कारणाविषयी मते बदलत गेली. प्रथम बुरशीचा संसर्ग व पाणी यांवर संशय होता. पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्ट्याचे पाणी मुळातच क्षारयुक्त असल्याने तो साहजिक होता. नमुन्यांत नायट्रेट व क्षार जास्तही आढळले. परंतु हे पाणी तेथे पिढ्यान् पिढ्या आहे आणि त्याने आठवड्यात टक्कल पडल्याचे दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पथकाने रक्त, मूत्र, केस, पाणी, माती यांचे नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्त, मूत्र व केसांत सेलेनियम अतोनात वाढलेले आणि जस्त घटलेले आढळल्याचे सांगितले. रेशनच्या गव्हाच्या न धुतलेल्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. हा गहू पंजाब-हरियाणाकडचा असावा, असे त्यांचे मत आहे. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी, होशियारपूर व नवांशहर भागांत, सेलेनियमयुक्त जमिनी आहेत, हे भूरसायनशास्त्रात पूर्वीच नोंदलेले आहे.

हा आकडा ताटात उतरवून पाहावा. दिवसाला ३०० ग्रॅम कणकेच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात त्या हिशेबाने सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाते. भारतीय प्रमाणानुसार रोजची गरज ४० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हे शंभर पटींहून अधिक झाले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढाची कमाल मर्यादा २५५ मायक्रोग्रॅम ठरवली, आणि ती ठरवताना अतिरेकाचे पहिले लक्षण म्हणून केसगळतीच धरली. पूर्वीचे दाखलेही जुळतात. चीनमधील एन्शी भागात १९६०च्या दशकाच्या आरंभी केस व नखे गळण्याची अशीच साथ आली होती. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप पूरकात लेबलावरील मात्रेच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडून दोनशेहून अधिक लोक आजारी झाले. त्यांतही केसगळती ठळक होती. केराटिनातील गंधकाची जागा सेलेनियम घेते व केसाची बांधणी ढिली होते, असे स्पष्टीकरण दिले जाते.

आक्षेप असा की, तोच गहू आजूबाजूच्या इतर गावांतही गेला असताना लागण ठरावीक गावांतच का झाली? एखादी खेप, एखादे पोते एवढ्यापुरता दोष असू शकतो, असे उत्तर संभवते. लक्षणांची जलद गती (वाढता केसच मुळात तुटल्याची खूण), नखांचा सहभाग व पूर्वीचे दाखले पाहता पाण्यापेक्षा सेलेनियमची बाजू जड वाटते. गव्हाचा उगम हा त्यातला अधिक कच्चा दुवा आहे. वऱ्हाडात पूर्वी रोजचे अन्न ज्वारीची भाकरी हे होते व गहू सणावारापुरता होता, ही बाबही विचारात घ्यावी. एकाच धान्यावर पोट आले की त्या धान्यातला दोष पातळ व्हायला वाव राहत नाही.

बहुतेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. या काळात केसांच्या पूरक गोळ्या घेणे मात्र उलट धोक्याचे ठरू शकत होते, कारण अशा अनेक गोळ्यांत सेलेनियम हा एक घटक असतो. अ जीवनसत्त्वाच्या अतिरेकानेही केस गळतात.

कायदा : पूरक आहार हा २०१६ च्या नियमांनुसार अन्नात मोडतो, औषधात नाही. वेष्टनावर भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा आशयाची सूचना असावी लागते. औषध नियम, १९४५ च्या ‘जे’ परिशिष्टात टक्कल, नवे केस उगवणे व अकाली केस पिकणे यांचा समावेश आहे. या गोष्टी बऱ्या करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. आठवडी बाजारात चादरीवर मुळ्या व बाटल्या मांडून होणाऱ्या विक्रीत वेष्टनच नसते.

गडचिरोलीकडील पदार्थ : मोहफुले वाळवून, भाजून तीळ वा जवसाबरोबर लाडू करतात. तरोट्याची कोवळी भाजी पहिल्या पावसानंतर, अंबाडीची पुढे, आणि चारोळी उन्हाळ्यात मिळते. हे पदार्थ अंगात ताकद यावी म्हणून खाल्ले जातात. केसांसाठी म्हणून त्यांचा वेगळा वापर दिसत नाही.