पाणी घटलं, म्हणून चलन व्यस्त होत नाही

मे महिन्यातली नागपूरची दुपार. नववीतल्या भाचीने कूलरच्या टाकीत पट्टी बुडवली. एक वाजता ३० सेंटिमीटर पाणी, दोनला २७, तीनला २४. "मामा, वेळ वाढला, पाणी घटलं. म्हणजे व्यस्त चलन ना?"

हा गैरसमज मी कॉलेजच्या मुलांकडूनही ऐकलाय. व्यस्त चलनात गुणाकार स्थिर असतो. नागपूर-वर्धा साधारण ७५ किलोमीटर. ताशी ७५ने गेलं तर एक तास, ५०ने दीड तास. वेग गुणिले वेळ दोन्ही वेळा ७५. टाकीत असा गुणाकार जुळत नाही. एक वाजल्यापासून पातळीत पडलेला फरक बघा: एका तासात −३, दोन तासांत −६. फरकाला तासांनी भागलं की दरवेळी −३. भागाकार स्थिर, म्हणजे समचलनच. फक्त स्थिरांक ऋण आहे. (खुद्द पातळी मात्र समचलनात नाही. तिची रेषा ३०पासून निघते, फरकाची आरंभबिंदूतून जाते.)

हा −३ म्हणजे रेषेचा चढ. आलेखावर एक घर उजवीकडे गेलं की तीन घरं खाली. मला खरी गोडी आहे ती डाव्या बाजूची. एक वाजता शून्य धरलं, तर सकाळचे अकरा म्हणजे −२ तास. आता (−३) × (−२) = +६. अकराला पाणी सहा सेंटिमीटर जास्त, म्हणजे ३६ असायला हवं. ऋण गुणिले ऋण धन, हा नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८मध्ये लिहून ठेवला. टाकीत तो डोळ्यांनी दिसतो. अकराला टाकी भरली तेव्हाची मळकट रेघ पत्र्यावर होती. मोजली, तर ३५! सकाळी ऊन कमी, पाणीही कमी उडालं. तेव्हाचा चढ −३ नव्हता, सरासरी −२.५ होता. −३ ही संख्या −२.५पेक्षा लहान, पण तिची रेषा जास्त खडी. खडेपणा चिन्ह सोडून मोजायचा, चिन्हावरून दिशा कळते.

घरातली 'निगेटिव्ह एनर्जी' घालवायची यंत्रं विकणाऱ्यांनी ऋण हा शब्दच अशुभ करून टाकलाय, याचा मला राग येतो. मुलं उणे चिन्हाला बिचकतात ती उगाच नाही.

भाचीने रेषा उजवीकडे वाढवली. रात्री अकराला शून्य, नऊला सहा. पंप बुडायला पाच सेंटिमीटर तरी पाणी लागतं, म्हणून तिने नऊलाच टाकीत पाइप सोडला.