डेटा डिक्शनरी

मोठ्या व्यावसायिक संगणकप्रणालीत अनेक प्रोग्रॅम व तक्ते मिळून जी फील्ड (माहितीचे रकाने) वापरतात, त्यांची नावे, प्रकार, लांबी, ग्राह्य मूल्ये आणि अर्थ एका ठिकाणी नोंदवून ठेवण्याची व्यवस्था.

उगम : तो नेमका कोठे धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. कोबोल या व्यावसायिक कामांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत (१९५९-६०) नोंदीचा आराखडा ‘कॉपीबुक’ या वेगळ्या फाइलीत लिहून ‘कॉपी’ विधानाने हव्या त्या प्रोग्रॅममध्ये घेण्याची पद्धत पुढे रूढ झाली. काही जण तिलाच आरंभ मानतात. परंतु हा मजकूर कंपाइल करतानाच (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करताना) प्रोग्रॅममध्ये शिरतो. नोंदीच्या मधले एखादे फील्ड दोन अक्षरांनी वाढवले आणि एक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायचा राहिला, तर तो पुढची सर्व फील्ड चुकीच्या जागेवरून वाचतो, आणि पुष्कळदा त्रुटीचा संदेशही येत नाही. शिवाय कोणते फील्ड कोठे वापरले आहे, याची नोंद कॉपीबुकात नसते. म्हणून डेटाबेस प्रणालींबरोबर १९७० च्या दशकात आलेल्या स्वतंत्र डिक्शनरींपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. रिलेशनल (तक्त्यांवर आधारित) डेटाबेसची संकल्पना मांडणारे एडगर कॉड यांच्या १९८५ मधील नियमांपैकी चौथ्या नियमानुसार डेटाबेसचे स्वतःचे वर्णनही तक्त्यांतच असावे आणि ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावे.

रचना : सॅप या कंपनीच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील अबॅप डिक्शनरीत तीन पातळ्या आहेत. ‘डोमेन’ प्रकार व लांबी ठरवते, ‘डेटा एलिमेंट’ अर्थ व पडद्यावरील लेबल देते आणि तक्त्यातील फील्ड डेटा एलिमेंटला जोडलेले असते. माल मागवणारा आणि माल स्वीकारणारा यांचे अर्थ वेगळे, पण दोघांनाही ग्राहक क्रमांकाचे एकच डोमेन पुरते. एस/४ हाना या सॅपच्या नव्या पिढीच्या प्रणालीत मटेरियल (माल) क्रमांकाची कमाल लांबी १८ वरून ४० अक्षरांवर गेली, तेव्हा त्या क्रमांकाच्या डोमेनवर बेतलेली फील्ड आपोआप वाढली. ग्राहक कंपन्यांनी स्वतः लिहिलेल्या ज्या कोडमध्ये १८ हा आकडा थेट लिहिलेला होता, तो मात्र हाताने शोधून बदलावा लागला, कारण तेथे क्रमांक कापला जाण्याचा धोका होता.

आयएसओ/आयईसी १११७९ हे मानक संकल्पना (उदा., व्यक्तीची जन्मतारीख) आणि तिची मूल्यरूपे यांची वेगवेगळी नोंद करते. प्रणाली अनेक पुरवठादारांच्या असतील, तर हीच विभागणी अधिक उपयोगी पडते.

डिक्शनरी सक्रिय असेल, तर तक्ते तिच्यातूनच निर्माण होतात. निष्क्रिय डिक्शनरी हा केवळ दस्तऐवज असतो आणि प्रत्यक्ष प्रणालीच्या मागे पडतो. व्याख्या बदलण्याचा अधिकार बहुधा संबंधित विभागाच्या ‘डेटा स्टुअर्ड’कडे (त्या माहितीची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे) असतो.